मतपत्रिकेवर नसलेला पंतप्रधान

युगोस्लाव्हिया का फुटला, या प्रश्नाचे एक तयार उत्तर गेली तीसपस्तीस वर्षे जगभर फिरते आहे. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक मुसलमान हे म्हणे जन्मोजन्मीचे वैरी. टिटो नावाच्या खमक्या माणसाने त्यांना धाकात ठेवून एका छपराखाली नांदवले. 1980 च्या मे महिन्यात टिटो गेले आणि सगळे एकमेकांच्या नरडीला लागले. हे उत्तर सर्वांच्या सोयीचे आहे. ज्यांनी युद्ध पेटवले त्यांच्या सोयीचे, कारण दोष इतिहासावर जातो. ज्यांनी ते लांबून पाहिले त्या युरोपीय मुत्सद्द्यांच्याही सोयीचे, कारण जन्मोजन्मीच्या वैरात मध्यस्थी तरी कुठवर करायची? अडचण एवढीच की टिटोंनंतर हा देश आणखी अकरा वर्षे चालला आणि त्यातल्या शेवटच्या पावणेतीन वर्षांत त्याचा कारभार पाहणारा माणूस काही काळ सर्ब, क्रोएट, बोस्नियाक, मॅसेडोनियन अशा सगळ्यांचाच आवडता होता. त्यांचे नाव आन्ते मार्कोविच. समाजवादी युगोस्लाव्हियाचे ते शेवटचे पंतप्रधान. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि जिथे ठाऊक आहे तिथेही ‘भला पण भाबडा माणूस’ अशी त्यांची बोळवण होते. त्यांची कारकीर्द नीट पाहिली तर वेगळे काही दिसते. मार्कोविच यांना जुन्या वैराने हरवले असे म्हणायला पुरावा तोकडा आहे. ते हरले याचे मुख्य कारण असे की ज्या देशाचे ते पंतप्रधान होते, त्या देशात त्यांना मत देण्याची सोयच नव्हती.

मार्कोविच यांचा जन्म 25 नोव्हेंबर 1924 चा, हर्जेगोविनातल्या कोन्यित्स या गावी, क्रोएट कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धात ते टिटोंच्या पार्टिझन फौजेत होते, म्हणजे त्या पिढीच्या कम्युनिस्ट पुढाऱ्याला लागणारे प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे होतेच. पण पुढची वाट त्यांनी वेगळी धरली. 1954 मध्ये झाग्रेबहून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते ‘राडे कोन्चार’ या कारखान्यात रमले. जनित्रे, ट्रान्सफॉर्मर, विजेच्या मोटारींपासून घरगुती उपकरणांपर्यंत सगळे बनवणारा हा अवाढव्य उद्योग. 1961 पासून तब्बल दोन दशके ते त्याचे महासंचालक होते. त्यांच्या पिढीतले इतर नेते पक्षकार्यालयांच्या जिन्यावरून वर चढत असताना हा माणूस निर्यातीच्या ऑर्डरी, बँकांची कर्जे आणि कामगार परिषदेच्या बैठका सांभाळत होता. युगोस्लाव्हियाचा ‘स्वयंव्यवस्थापना’चा प्रयोग, म्हणजे कारखान्याचे निर्णय कामगारांच्या परिषदेने घ्यायचे ही कल्पना, आपल्याकडच्या समाजवाद्यांना एके काळी फार भावली होती. मार्कोविच यांनी ती पुस्तकातून नव्हे, पगाराच्या तारखेच्या बाजूने पाहिली होती. त्यामुळे माणूस शेवटी हिशेबाला वश होतो अशी त्यांची पक्की धारणा बनली असावी. तिने त्यांना मोठे यशही दिले आणि पुढे फसवलेही. राजकारणात ते उशिराच वर आले: 1982 मध्ये क्रोएशियाच्या सरकारचे प्रमुख, 1986 मध्ये त्या प्रजासत्ताकाच्या अध्यक्षमंडळाचे प्रमुख आणि मार्च 1989 मध्ये संघराज्याचे पंतप्रधान.

त्यांना मिळालेली खुर्ची कुणी हेवा करावा अशी नव्हती. आधीचे पंतप्रधान ब्रान्को मिकुलिच यांनी 1988 च्या डिसेंबरअखेर राजीनामा दिला होता. कम्युनिस्ट युगोस्लाव्हियात सरकारने असे पायउतार होणे ही पहिलीच घटना. डोक्यावर सुमारे 20 अब्ज डॉलरचे परकीय कर्ज होते. महागाई आधी तिमाहीला, मग महिन्याला आणि शेवटी आठवड्याला मोजायची वेळ आली. 1989 मध्ये 20 लाख दिनारांची नोट छापावी लागली. त्या वर्षीच्या डिसेंबरात एका महिन्याची भाववाढ पन्नास टक्क्यांच्या पुढे गेली. लोक या अर्थव्यवस्थेत जगायच्या युक्त्या शिकले होते. दुकानात पुढच्या तारखांचे धनादेश देऊन फ्रिज किंवा कोळसा घ्यायचा. धनादेश वटेपर्यंत दिनारची किंमत निम्म्यावर आलेली असे, म्हणजे अर्धी वस्तू फुकट. हातात पगार पडला की त्याच दिवशी चौकातल्या दलालाकडून जर्मन मार्क घ्यायचे आणि गादीखाली ठेवायचे. ज्याच्याकडे मार्क त्याचे निभावले, ज्याच्याकडे फक्त दिनार त्याचे हाल. 18 डिसेंबर 1989 रोजी मार्कोविच यांनी संसदेत आपला कार्यक्रम मांडला आणि 1 जानेवारी 1990 पासून तो अमलात आला. जुने 10,000 दिनार म्हणजे नवा एक. सात नवे दिनार म्हणजे एक जर्मन मार्क, आणि हा भाव पक्का. कुणीही नागरिक बँकेत जाऊन दिनार देऊन मार्क घेऊ शकेल. पगार सहा महिने गोठवलेले. हार्वर्डचे तरुण अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स सल्लागारांमध्ये होते, पण कार्यक्रमाला तोंड मार्कोविच यांचेच होते. परिणाम थक्क करणारा होता. चौकातला भाव आणि बँकेतला भाव एक झाला, दलालांचा धंदा बसला आणि 1990 च्या उन्हाळ्यापर्यंत महिन्याची भाववाढ शून्याच्या आसपास आली. परकीय गंगाजळी 10 अब्ज डॉलरच्या घरात पोहोचली. पोलंड आणि हंगेरी यांच्याआधी युरोपीय बाजारपेठेत जायला सर्वांत तयार असलेला पूर्वेकडचा देश कोणता, असे तेव्हा कुणाला विचारले असते तर बहुतेकांनी युगोस्लाव्हियाचे नाव घेतले असते.

1990 च्या जनमत चाचण्यांमध्ये मार्कोविच हे देशातले सर्वांत लोकप्रिय राजकारणी ठरत होते, आणि हे यश एकाच प्रांतातले नव्हते. बेलग्रेडमध्ये एका क्रोएटाला आणि झाग्रेबमध्ये केंद्राच्या पंतप्रधानाला लोक पसंती देत होते. शतकांचे वैर हे एकच कारण मानणाऱ्यांना ही पसंती कुठेतरी बसवून दाखवावी लागेल. मात्र चाचणीतली पसंती आणि मतपेटीतले मत यांच्यामध्ये एक भिंत उभी होती: 1974 ची राज्यघटना. टिटोंचे सहकारी एडवर्ड कार्डेली यांनी रचलेली ही घटना जगातल्या सर्वांत लांबलचक घटनांपैकी एक. तिच्यात सहा प्रजासत्ताके आणि दोन स्वायत्त प्रांत हेच खरे घटक होते. नागरिक त्यांच्यामार्फतच संघराज्यापर्यंत पोहोचत असे. संघीय सभागृहात प्रत्येक प्रजासत्ताकाचे 30 आणि प्रत्येक प्रांताचे 20 असे 220 सदस्य. दुसऱ्या सभागृहात 12 आणि 8 या प्रमाणात 88. दोन्ही सभागृहांसाठी मतदाराने थेट मत द्यायचे नव्हते. टिटोंनंतर राष्ट्रप्रमुखाची जागा आठ जणांच्या अध्यक्षमंडळाने घेतली आणि त्याचे प्रमुखपद दरवर्षी आळीपाळीने फिरे. पंतप्रधान म्हणजे ‘संघीय कार्यकारी परिषदे’चे अध्यक्ष. त्यांची निवड या सभागृहांनी, आणि सभागृहांची प्रजासत्ताकांनी केलेली. कम्युनिस्ट पक्ष एकसंध होता तोवर ही गुंतागुंत कागदावरची होती, कारण निर्णय पक्षात होत. जानेवारी 1990 मध्ये पक्षाच्या चौदाव्या, असाधारण अधिवेशनातून स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी उठून गेले आणि पक्षच संपला. पक्ष असो वा नसो, युगोस्लाव्हिया चालू राहील, अशी मार्कोविच यांची तेव्हाची भूमिका होती. देश कशावर चालणार, हे मात्र त्यांच्या हातात नव्हते.

इथून पुढचा घटनाक्रम सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तोच सहसा सांगितला जात नाही. 1990 मध्ये युगोस्लाव्हियात बहुपक्षीय निवडणुका झाल्या, पण फक्त प्रजासत्ताकांच्या. एप्रिलात स्लोव्हेनिया, एप्रिल-मे मध्ये क्रोएशिया, नोव्हेंबरात मॅसेडोनिया आणि बोस्निया, डिसेंबरात सर्बिया आणि माँटेनेग्रो. संघराज्याची थेट निवडणूक घ्यावी म्हणून मार्कोविच यांच्या सरकारने घटनादुरुस्ती पुढे केली. तिला सर्व प्रजासत्ताकांच्या विधानसभांची संमती लागत होती आणि स्लोव्हेनिया अडून बसला. त्यामुळे वर्षभरात देशातल्या प्रत्येक मतदाराला एकदा तरी मतदानाची संधी मिळाली, पण देशासाठी एकदाही नाही. हुआन लिंझ आणि आल्फ्रेड स्टेपन या राज्यशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले. त्यांनी तुलना केली ती स्पेनशी. हुकूमशहा फ्रँकोनंतर तिथेही बास्क आणि कॅटलान प्रश्न धगधगत होते; पण स्पेनने 1977 मध्ये आधी राष्ट्रीय निवडणूक घेतली, 1978 मध्ये घटना केली आणि प्रादेशिक निवडणुका 1980 मध्ये, नंतर घेतल्या. क्रम उलटा असता तर काय झाले असते हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण निवडणूक ज्या पातळीवर होते त्या पातळीचे प्रश्न मोठे होतात, देशव्यापी पक्षांना देशव्यापी कारण सापडत नाही, आणि जिंकलेल्या नेत्याकडे ‘मला लोकांनी निवडले, यांना कुणी निवडले?’ हे विचारायचा अधिकार येतो. क्रोएशियाचे फ्रान्यो तुजमान आणि स्लोव्हेनियाचे मिलान कुचान यांना तो एप्रिल-मे मध्ये मिळाला, सर्बियाचे स्लोबोदान मिलोशेविच यांना डिसेंबरात. मार्कोविच यांना तो कधीच मिळाला नाही.

हे काही निव्वळ तत्त्वाचे भांडण नव्हते. त्याची किंमत दिनारांत मोजता येते. मते प्रजासत्ताकात मागायची आणि पैसा संघराज्याचा खर्चायचा, अशी ही व्यवस्था होती. पगारांवरची बंदी 1990 च्या मध्याला उठली आणि निवडणुका तोंडावर आलेल्या प्रजासत्ताकांनी पगार आणि पेन्शन सढळ हाताने वाढवायला सुरुवात केली. चलन सांभाळण्याची जबाबदारी बेलग्रेडच्या संघीय सरकारची, वाढीव पगाराचे श्रेय स्थानिक नेत्याचे. ऑक्टोबरात सर्बियाने स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाच्या मालावर स्वतंत्र कर बसवला, म्हणजे एकाच देशात आतली जकात सुरू झाली. त्या दोघांनी केंद्राकडे भरायचा महसूल अडवायला सुरुवात केली. मग 28 डिसेंबर 1990 रोजी, निवडणूक जिंकून आठवडाही झाला नसताना, सर्बियाच्या विधानसभेने गुपचूप एक कायदा केला आणि संघीय मध्यवर्ती बँकेला न विचारता सुमारे 18 अब्ज दिनारांचे नवे चलन आपल्या बँकांत ओतले. त्या वेळच्या दराने दीड अब्ज डॉलरहून जास्त. त्यातून पगार, पेन्शन आणि निवडणुकीतली आश्वासने भागली. जानेवारीत प्रकरण उघडकीला आले तेव्हा मार्कोविच यांनी आरडाओरडा केला, काही रक्कम परत करायचे ठरले. पण चोराला पकडून देणारा कोतवाल कुठे होता? संघीय पोलीस नावापुरते, संघीय न्यायालयाचा निकाल कुणी मानेना. वर्षभर कमावलेला विश्वास एका छुप्या कायद्याने उडवला गेला. मिलोशेविच यांना राष्ट्रवादी म्हणून सगळे ओळखतात. या प्रकरणात ते निवडणूक जिंकलेल्या पुढाऱ्यासारखे वागले. आपल्या मतदाराला द्यायचे आणि हिशेब दुसऱ्याच्या नावावर टाकायचा, हे त्या व्यवस्थेत त्यांना परवडत होते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की मार्कोविच यांना संधी मिळाली होती आणि लोकांनी त्यांना नाकारले. 29 जुलै 1990 रोजी बोस्नियातल्या कोझारा डोंगरावर, पार्टिझन लढ्याच्या मोठ्या स्मारकाच्या साक्षीने त्यांनी ‘सुधारणावादी शक्तींचा संघ’ हा आपला पक्ष जाहीर केला. चारच महिन्यांनी बोस्नियाच्या निवडणुकीत 240 जागांपैकी डझनभरच त्याच्या वाट्याला आल्या. बाकी बहुतेक जागा मुसलमान, सर्ब आणि क्रोएट अशा तीन राष्ट्रवादी पक्षांनी वाटून घेतल्या. आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. संघराज्याची निवडणूक झाली असती तर तीही जातगणनाच ठरली असती, असे म्हणणाऱ्यांकडे बोस्निया हा भक्कम पुरावा आहे. तरी दोन गोष्टी पाहायला हव्यात. एक तर तीन राष्ट्रवादी पक्ष परस्परांना मदत करत, एकमेकांविरुद्ध नव्हे तर सुधारणावाद्यांविरुद्ध आणि माजी कम्युनिस्टांविरुद्ध लढले. आणि क्रोएशियात तुजमान जिंकल्यावर बोस्नियातल्या सर्बांना, सर्ब संघटित झाल्यावर मुसलमानांना ‘आता आपला पक्ष नसेल तर आपले काय’ ही भीती वाटणे साहजिक होते. आधीच्या निवडणुकांनी नंतरच्या निवडणुकांचा प्रश्न ठरवून टाकला होता. चार महिन्यांच्या पक्षाकडे ना शाखा होत्या ना दूरदर्शन. संघीय सरकारने ऑक्टोबरात सारायेवोहून ‘युटेल’ ही वाहिनी काढली. पण प्रक्षेपण प्रजासत्ताकांच्या केंद्रांच्या हातात, आणि ती केंद्रे तिच्या बातम्या रात्री उशिरा, माणसे झोपल्यावर दाखवत. दुसरी गोष्ट तुझला. मिठाच्या आणि कोळशाच्या खाणींचे हे औद्योगिक शहर. तिथल्या नगरपालिकेत सुधारणावादी जिंकले आणि सेलिम बेश्लागिच महापौर झाले. पुढे अख्खा बोस्निया धर्मावरून चिरला जात असताना तुझलाचा कारभार राष्ट्रवादी पक्षांच्या हाती गेला नाही. एका शहरावरून देशाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे, हे मान्य. पण ‘असे मतदार नव्हतेच’ हे विधान तुझला खोटे ठरवते.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि तो जास्त टोकदार आहे. देश फोडला तो मार्कोविच यांच्याच औषधाने, असे हे टीकाकार म्हणतात: आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तालावर खर्च आवळला, आजारी कारखाने दिवाळखोरीत ढकलले, लाखो कामगार बिनपगारी झाले आणि या हलाखीवर राष्ट्रवाद पोसला. 1990 मध्ये औद्योगिक उत्पादन सुमारे दहा टक्क्यांनी घसरले, हे खरे. सात दिनारांचा भाव पुढे पुढे फार महाग पडू लागला, आयात वाढली, आणि लोक स्वस्तात मिळणारे मार्क नेऊन घरी ठेवू लागले, हेही खरे. शरद ऋतूत बँकांवर धाड पडल्यासारखी गर्दी झाली आणि वर्षअखेर सरकारला परकीय चलनातल्या ठेवी काढण्यावर निर्बंध घालावे लागले. त्या ठेवींचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. देश गेला, बँका वेगवेगळ्या देशांच्या झाल्या, आणि सारायेवोच्या शाखेत पैसे ठेवलेल्या माणसाला ल्युब्लियानाची बँक ओळख दाखवेना. शेवटी 2014 च्या जुलैत स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने स्लोव्हेनिया आणि सर्बियाला ते पैसे परत करायला सांगितले, चोवीस वर्षांनी. मार्कोविच यांच्या धोरणाचा हा खरा काळा हिशेब आहे आणि त्यांच्या चाहत्यांनी तो लपवू नये. तरीही कारण आणि काळ जुळत नाही. मिलोशेविच यांनी सर्बियाच्या पक्षावर कब्जा केला 1987 मध्ये. कोसोवो आणि व्होयवोदिना या सर्बियातल्या दोन प्रांतांची स्वायत्तता कापणारी दुरुस्ती मंजूर झाली 28 मार्च 1989 ला, मार्कोविच खुर्चीत बसून दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा. स्लोव्हेनियाने अलग होण्याचा हक्क आपल्या घटनेत घातला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. दिनार मार्काला बांधला गेला तो यानंतर. आजार औषधाच्या आधीचा होता. आणि ज्या महिन्यांत औषध सर्वांत कडक होते, 1990 चा पूर्वार्ध, त्याच महिन्यांत मार्कोविच यांची लोकप्रियता सर्वांत जास्त होती. गरिबीने लोकांना राष्ट्रवादाकडे ढकलले असते तर पहिला राग त्यांच्यावर निघायला हवा होता.

मार्कोविच यांचा स्वतःचा दोष दुसरीकडे शोधावा लागतो. खिसा भरला की झेंडे आपोआप खाली येतील, हा कारखानदाराचा आशावाद त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. कोसोवोत अल्बेनियन बहुसंख्याकांचे हक्क काढून घेतले जात असताना, जुलै 1990 मध्ये तिथली विधानसभाच बरखास्त झाली तरी, त्यांच्या सरकारने ठाम भूमिका घेतली नाही. तो सर्बियाचा प्रश्न, आपण अर्थकारण पाहू, असा एकूण सूर. आपला पक्षही त्यांनी फार उशिरा काढला. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियात मतदान होऊन गेल्यावर कोझारावर सभा घेण्यात काय हशील होते? लोकप्रियता 1990 च्या पूर्वार्धात शिगेला होती, आणि कम्युनिस्ट पक्ष फुटल्यानंतरचे काही आठवडे हीच वेळ होती: राजीनाम्याची धमकी देऊन, लोकांना थेट आवाहन करून संघीय निवडणुकीची तारीख खेचून आणायची. त्यांनी ती वाट धरली नाही. स्लोव्हेनियाच्या भीतीतही तथ्य होते, हे इथे नमूद करायला हवे. एक माणूस एक मत या सूत्राने 20 लाखांचे स्लोव्हेनिया 2 कोटी 30 लाखांच्या देशात कायमचे अल्पमतात गेले असते, आणि मिलोशेविचही त्याच सूत्राचा आग्रह आपल्या हेतूने धरत होते. यावर तोडगा होता. प्रजासत्ताकांचे वरचे सभागृह समसमान ठेवून खालचे थेट निवडता आले असते. तो सौदा घडवणे हे राजकारण्याचे काम, आणि मार्कोविच त्या वर्षी अर्थमंत्र्यासारखे वागले. लष्कराबाबतही तेच. 25 जून 1991 रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर सीमेवरच्या चौक्या ताब्यात घेण्याचा आदेश संघीय सरकारनेच काढला. लष्कराने त्याचा सोयीचा अर्थ लावून रणगाडे काढले, ही मार्कोविच यांची तक्रार रास्त असली तरी सही त्यांच्या सरकारची होती. ज्या सेनापतींवर आपला ताबा नाही त्यांच्या हाती असा कागद द्यायचा नसतो.

भारतीय वाचकाला या सगळ्यात एक गोष्ट चटकन दिसावी. सप्टेंबर 1989 मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद भरली, तिला राजीव गांधी गेले होते. नेहरू आणि टिटोंच्या काळापासून आपण या देशाकडे आपल्यासारखाच बहुभाषक, बहुधर्मी प्रयोग म्हणून पाहत आलो. साम्य होतेच, पण एक फरक निर्णायक होता. 1951-52 च्या आपल्या पहिल्या निवडणुकीत लोकसभा आणि विधानसभा यांना लोकांनी एकाच वेळी, थेट मत दिले. 1956 ची भाषावार फेररचना आणि 1960 चा महाराष्ट्र हे त्यानंतरचे. मराठी माणसाने दिल्लीशी कडाक्याचे भांडण केले तेही संयुक्त महाराष्ट्र समितीचे खासदार निवडून लोकसभेत पाठवून. कोसोवोतल्या अल्बेनियनाला किंवा झाग्रेबच्या क्रोएटाला असे थेट निवडून कुणाला बेलग्रेडला पाठवता येत नव्हते. त्याचा राग व्यक्त व्हायला प्रजासत्ताकाचीच तेवढी जागा उरली होती. आणि डॉ. मनमोहन सिंग यांनी जुलै 1991 चा अर्थसंकल्प मांडला तेव्हा त्यांचे सरकार अल्पमतातले असले तरी मागे नुकतीच झालेली सार्वत्रिक निवडणूक होती.

1991 च्या उत्तरार्धातले मार्कोविच वाचताना मात्र त्यांच्याविषयी आदर वाढतो, कारण हरल्याचे कळल्यावरच त्यांनी सर्वांत राजकीय पावले उचलली. सप्टेंबरात त्यांच्या सरकारकडे एका फोनचे ध्वनिमुद्रण आले. त्यात मिलोशेविच हे बोस्नियातल्या सर्बांचे नेते राडोवान काराजिच यांना लष्कराच्या बान्या लुका कोअरमधून, जनरल उझेलाच यांच्याकडून, शस्त्रे घ्यायला सांगत होते. मार्कोविच यांनी ते मंत्रिमंडळापुढे ठेवले आणि संरक्षणमंत्री व्हेल्को कादियेविच यांचा राजीनामा मागितला. तो अर्थातच मिळाला नाही. 7 ऑक्टोबरला ते झाग्रेबमध्ये तुजमान आणि संघीय अध्यक्षमंडळाचे प्रमुख स्त्येपान मेसिच यांच्याबरोबर राजवाड्यात असताना त्या इमारतीवर हवाई हल्ला झाला, तिघेही बचावले. ज्या संघराज्याचे ते पंतप्रधान त्याच संघराज्याची विमाने होती ती. 20 डिसेंबर 1991 रोजी त्यांनी राजीनामा दिला. निमित्त 1992 च्या अर्थसंकल्पाचे: चार-पंचमांशाहून जास्त रक्कम लष्करासाठी राखलेली होती, आणि अशा अर्थसंकल्पावर सही करायला त्यांनी नकार दिला. त्यानंतर ते ऑस्ट्रियात ग्राट्सला गेले, व्यवसाय करू लागले आणि बारा वर्षे गप्प राहिले. या मौनाबद्दल त्यांना दोष दिला जातो आणि तो योग्यच आहे. युद्ध चालू असताना त्यांच्याजवळची माहिती मोलाची ठरली असती. 2003 मध्ये ते हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणापुढे मिलोशेविच यांच्या खटल्यात साक्षीला उभे राहिले. मार्च 1991 मध्ये काराजोर्जेव्होला झालेल्या मिलोशेविच-तुजमान भेटीत बोस्नियाची वाटणी करायचे ठरले होते, हे त्या दोघांनीही आपल्यापाशी कबूल केले होते, असे त्यांनी शपथेवर सांगितले. मिलोशेविच आपला खटला स्वतःच लढवत होते, त्यामुळे उलटतपासणीही त्यांनीच घेतली. समोरासमोर उभ्या या दोघांपैकी एकाने लोकांची मते वारंवार जिंकली होती. दुसऱ्याला लोकांनी पसंती दिली होती ती फक्त चाचण्यांमध्ये. मार्कोविच 28 नोव्हेंबर 2011 रोजी झाग्रेबमध्ये वारले. बोस्निया आणि मॅसेडोनियातल्या म्हाताऱ्या पिढीला 1990 हे वर्ष अजून पगाराच्या आकड्यासकट आठवते. बान्या लुकापासून स्कोप्येपर्यंत हे ऐकू येते, आणि ही माणसे 1990 मध्ये मतदानाला गेली तेव्हा त्यांनी बहुधा दुसऱ्याच कुणाला तरी मत दिले होते.